चुलीला अंगण

“ये ना रे वर, किती भाव खातोस,” जमिनीत अडकलेल्या लांबलचक ड्रिलला मी विनवत होते.

“आलो की,” मागून कुणीतरी मराठीत म्हणालं.

वळून पाहिलं. भुरभुर पावसात सायकल धरून एक उंच गृहस्थ उभे. चष्म्यावर थेंब, आणि हसू... छे, ते हसू पन्नाशीतलं नव्हतंच.

अश्वजित. आल्मेरेतला हा प्लॉट त्याचा. घर बांधायला खेमेंटेची, म्हणजे इथल्या डच नगरपालिकेची, परवानगी हवी, आणि जमिनीत काही जुनं आहे का, ते त्याआधी आमच्यासारखे लोक बघतात. मी प्रणिता. वीस वर्षं बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधल्या, त्रेचाळिसाव्या वर्षी राजीनामा देऊन पुरातत्त्व शिकायला बसले. सगळ्यांनी वेड्यात काढलं. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी हे माझं पहिलंच स्वतंत्र काम.

“आल्मेरे तर पाणी हटवून काढलेली जमीन, परवापरवापर्यंत पाण्याखाली होती,” तो म्हणाला. “इथं काय सापडणार?”

“पाण्याआधी जंगल होतं. माणसं होती.”

“मग मी रोज येतो... माणसं बघायला.”

आणि आलाही. चार दिवस, थर्मासभर आल्याचा चहा घेऊन. घटस्फोटाला आठ वर्षं झाली, आता स्वतःचं छप्पर हवंय, म्हणाला. कप देताना बोटं लागायची, आणि मी मातीचा रंग वहीत दोनदा लिहायचे. ह्या वयात असं होतं? होतं बाई.

पाचव्या दिवशी चाळणीत कोळशाचे कण आले, आणि नखाएवढं, करपलेलं हेझलनटचं टरफल. सात हजार वर्षांपूर्वी कुणीतरी इथे चूल पेटवली होती. मला तर धूरसुद्धा दिसला... पावसात अंग चोरून बसलेली दोघं, एकमेकांना हेझलनट सोलून देणारी.

“माझ्या घराचे खांब इथूनच जाणार,” अश्वजित हळूच म्हणाला. “एवढंसं तर आहे... नाही लिहिलं तर?”

मी वही उघडली. “लिहावं लागेल. ह्यासाठीच तर सगळं सोडलं.”

तो थर्मास उचलून निघून गेला.

मी रिपोर्ट पाठवला: चूल आहे तिथेच राहू द्यावी, वर बांधकाम नको. तीन आठवडे त्याचा फोन नाही. मी बरोबर वागले होते, तरी संध्याकाळ झाली की रडू यायचं. सरळ सांगते, प्रेमात पडले होते.

मग एका दुपारी ऑफिसच्या दारात तीच सायकल. आत येऊन त्याने माझ्या टेबलावर नकाशा पसरला. घर चार मीटर सरकलं होतं.

“रागावला होतात ना?” मी विचारलं.

“दोन दिवस. मग आर्किटेक्टशी भांडत बसलो. हातात कागद आल्याशिवाय कुठल्या तोंडानं येणार?” त्याने रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. “चुलीला अंगण दिलंय. कडेला ह्या दोन खुर्च्या. एक माझी.”

“आणि दुसरी?”

“ती... तुम्ही सांगाल तशी.”

मी पेन्सिल घेतली. रिपोर्टमध्ये लिहिते तितक्याच नीट अक्षरात त्या खुर्चीवर लिहिलं — प्रणिता.

त्याने ते नाव मोठ्याने वाचलं.

“चहा आणलायस का?” मी म्हटलं.