पुढच्या सीटचा पट्टा

हे घडलंय. पटत नसेल तर इथेच थांबा. मला तुमच्या शाबासकीची हौस नाही.

भुताची गोष्ट म्हटली की तुम्हाला काळोखी रात्र लागते, पडकी विहीर लागते, केस सोडलेली बाई लागते. इथे त्यातलं काहीच नाही. इथे चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट आहे. जेवणाचं टेबल आहे. चार खुर्च्या आहेत.

आणि रविवारची भर दुपार.

जिच्यावर हे ओढवलं ती माझी मावसबहीण. चाळिशी उलटली तरी घरात तिला ‘धाकटी’च म्हणतात. तिचं चित्रांना चौकटी करायचं दुकान आहे. लोक तळ्यांची, डोंगरांची चित्रं आणून देतात, ही लाकूड कापते, काच बसवते, मागे तार लावते आणि परत देते. दुसऱ्यांच्या भिंतींवरची इतकी तळी तिच्या हातून गेली, पण खरं तळं तिने पाहिलं नव्हतं.

तिच्या वडिलांनी पाहिली होती. पण ती काचेतून.

बाबा सहलीच्या बसचे ड्रायव्हर. सगळी हयात त्यांनी लोकांना शहरं दाखवली, तळी दाखवली. स्वतः एकदाही उतरले नाहीत. ड्रायव्हरने गाडी सोडायची नाही, असा कंपनीचा नियम. लोक म्युझियममध्ये शिरायचे, नाटकं बघायचे, होड्यांत बसून फोटो काढायचे. बाबा पार्किंगमध्ये. खिडकीची काच चार बोटं खाली.

“जा, तुम्ही बघून या. मी आहे गाडीत.”

हे वाक्य ते झोपेतही बोलायचे. विनोद नाही, खरंच बोलायचे.

मुलं लहान असताना कंपनीच्या बसमध्ये त्यांना न्यायची परवानगी नव्हती. म्हणून सुट्टीच्या दिवशी बाबा घरातच खुर्च्या मांडायचे. पुढे दोन, मागे दोन. स्टेअरिंग म्हणून पातेल्याचं झाकण. “चढ आलाऽऽ, मागे रेला!” की पोरं मागे रेलायची. “खड्डा!” की सगळे उडायचे. एक नियम मात्र कडक होता. निघालेली गाडी मध्येच सोडायची नाही. खुर्च्यांची असली तरी नाही.

“शेवटचा माणूस उतरेपर्यंत ट्रिप संपत नसते,” ते म्हणायचे.

हे वाक्य लक्षात ठेवा.

मग ते रिटायर झाले. आई गेली. बाबा धाकटीच्या फ्लॅटवर राहायला आले आणि त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग वार, मग संडासची वाट. पण एक गोष्ट ते विसरले नाहीत. एकदा तरी उतारू म्हणून जायचं. उतरायचं. तळ्यात पाय घालायचे.

गेल्या वर्षी धाकटी, तिचा मोठा भाऊ आणि वहिनी यांनी धाकटीच्या गाडीतून मोठी सहल ठरवायला घेतली. आधी तीन शहरं. एकात मोठं चित्रसंग्रहालय, एकात जुनं नाट्यगृह, एकात शंभर खिडक्यांचं ग्रंथालय. मग तळ्यांचा मुलूख. रोज संध्याकाळी टेबलावर नकाशा पसरायचा आणि बाबा त्यावर बोट ठेवायचे.

“मी पुढे बसणार. शेजारच्या सीटवर. चालवणार नाही हं!”

“हो बाबा.”

“मी पण उतरणार.”

“हो हो बाबा.”

एका संध्याकाळी बाबा झोपल्यावर दादाने तोंड उघडलं.

“त्यांना नेता येणार नाही. म्युझियमच्या जिन्यात पँट भिजवली तर? कोण धुणार? तू?”

“हळू बोल,” वहिनी म्हणाली. “मला काही त्यांचं जड नाहीये. पण इतके दिवस गाडीत... मलाच धडकी भरते.”

दादा म्हणाला, “एखादी दिवसभराची बाई ठेवू त्यांच्यापाशी. पण त्यांना सांगायचं कसं? रोज विचारतील.”

धाकटी गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण तिला कल्पना सुचली. हुशार माणसांना नेमकं नको तेव्हा सुचतं.

“आपण त्यांना खुर्च्यांवर फिरवून आणू,” ती म्हणाली. “सगळी शहरं, तळं, सगळं. त्यांना वाटेल जाऊन आलो. मग विचारणार नाहीत.”

दादा हसला. “डोकं आहे हं तुला!”

रविवारी दुपारी खुर्च्या मांडल्या. पुढे दोन, मागे दोन.

बाबा तयार होऊन आले. इस्त्रीचा शर्ट. पॉलिश केलेले बूट. केसांना पाणी लावून भांग. धाकटीने हसून त्यांची कॉलर नीट केली.

दादा ड्रायव्हरच्या खुर्चीत, हातात पातेल्याचं झाकण. बाबा शेजारी. गाडी निघाली.

पहिलं शहर आलं. दादाने ब्रेक मारला. बाबा सवयीने म्हणाले, “जा, तुम्ही बघून या. मी आहे गाडीत.”

“बाबा, आज तुम्हीपण उतरायचंय.”

“मी?”

ते उठले. हॉलच्या भिंतीवर धाकटीने चौकटी केलेली चार चित्रं होती. त्यांच्यासमोर बाबा हात मागे बांधून उभे राहिले. कितीतरी वेळ. डोळे भरून आले होते त्यांचे.

“आतून असं असतं होय!”

वहिनीने तोंड फिरवलं. दादा मोबाइल बघत होता.

नाट्यगृह झालं. ग्रंथालय झालं. मग उताराचा रस्ता, वळणं, आणि बाबा स्वतःच ओरडले, “आलं! तळं आलं!”

ठरलं असं होतं, की वहिनीने बाल्कनीतून पाण्याचा टब आणून ठेवायचा. बाबांनी त्यात पाय घालायचे. झाली सहल.

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला.

तळ्याकाठच्या हॉटेलवाल्याचा फोन. खरं तळं, खरं हॉटेल. खोल्यांचा घोळ झाला होता. “बाबा, आम्ही गाडी लावून आलोच हं,” म्हणत धाकटी बाल्कनीत गेली. पाठोपाठ दादा गेला, त्याला तळ्याकडची खोली हवी होती. पाठोपाठ वहिनी.

तिघं बाल्कनीत. दार उघडं.

रेंज धड नव्हती, म्हणून धाकटी मोठ्याने बोलत होती.

“तीनच जण! नाही, नाही... चौथं कोणी नाही!”

बोलणं लांबलं. कोणती खोली, नाश्ता किती वाजता, गाडी कुठे लावायची.

आत आले तेव्हा बाबा खुर्चीत होते. पँट पोटरीपर्यंत दुमडलेली. बूट काढून शेजारी नीट लावलेले. मोजे बुटांत खोचलेले. अनवाणी पाय जमिनीवर. तोंड बाल्कनीच्या दाराकडे.

टब अजून बाल्कनीतच होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. त्रास झाला नसणार. डॉक्टरांना सगळ्यांना हेच सांगायला शिकवत असावेत.

सहल पुढे ढकलली. आठवडे गेले. मग सुरू झालं...

आधी खुर्ची.

धाकटी दुकानातून आली की बाबांची ती खुर्ची टेबलापासून सुटी असायची. तोंड बाल्कनीकडे. तिने आत सरकवली. दुसऱ्या दिवशी... पुन्हा बाल्कनीकडे. बाबा गेल्यापासून घरात ती एकटीच राहत होती. किल्ली तिच्याकडेच होती.

तिने दादाला सांगितलं. दादा म्हणाला, “तूच विसरत असशील. बाबांवर गेलीस.” आणि बोलून झाल्यावर त्याचाच चेहरा पडला.

मग गाडी.

सकाळी दुकानाला निघाली. एकटी. शेजारची सीट रिकामी. पर्सही मागे टाकलेली.

बीप... बीप... बीप...

पुढच्या सीटचा पट्टा लावा, म्हणून गाडी वाजत होती. आजकालच्या गाड्यांना कळतं, सीटवर वजन पडलं की.

सीटवर कोणी नव्हतं.

ती गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिक तिच्या ओळखीचा, तोंडाने फटकळ. “ताई, सीटवर भाजी ठेवता, लाकडं ठेवता, गाडी बिचारी माणूस समजते.” त्याने सेन्सर बदलला. फेरी मारून बघतो म्हणून गाडी घेऊन गेला.

परत आला. किल्ली टेबलावर ठेवली.

“काय झालं?”

“काही नाही. रिकाम्या सीटला पट्टा लावून ठेवत जा. गप्प बसतं.”

“पण बिघाड काय आहे?”

“बिघाड नाहीये,” तो म्हणाला. “तेच तर. आणि ताई, ती शेजारची काच मी खाली केलेली नाही हं.”

काच चार बोटं खाली होती.

धाकटीने दादा-वहिनीला बोलावलं आणि टेबलावर नकाशा पसरला. “सहलीला जायचंय. ठरली तशी. तळ्यापर्यंत.”

“आता? कशासाठी?” वहिनीने विचारलं.

“ट्रिप संपली नाहीये.”

दादाने नकाशाची घडी घातली.

निघाले. दादा चालवायला, वहिनी पुढे. गाव मागे पडलं नसेल, तोच वहिनी म्हणाली, “थांबवा. मी मागे बसते.” का, ते तिने सांगितलं नाही. नुसती मागे येऊन धाकटीचा हात घट्ट धरून बसली.

गाडी सुरू झाली.

बीप... बीप...

दादाने रस्त्यावरची नजर न काढता हात लांब केला, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि लावला. बीप थांबलं. एका वळणावर दादाच्या तोंडून आपोआप गेलं, “चढ आला.” आणि तिघंही मागे रेलले. मग दादा रडला. गाडी चालवत, नाक ओढत, लहान पोरासारखा.

पहिल्या शहरात संग्रहालय. धाकटी आयुष्यभर ज्याच्या छापील नकलांना चौकटी लावत आली, ते तळ्याचं खरं चित्र समोर होतं. तिला वाटलं होतं, बाबा इथे जाणवतील. मागे उभे असतील, हात मागे बांधून.

काही जाणवलं नाही.

तिने खिडकीतून खाली पार्किंगमध्ये पाहिलं. आपली गाडी दिसत होती. वर सूर्य नुसती आग ओकत होता...

आणि गाडीचे वायपर एकदाच फिरले. काच पुसल्यासारखे.

तेव्हा तिला कळलं. बाबा वर आलेच नव्हते. बाबा गाडीत होते.

नाट्यगृहात तेच. ग्रंथालयात तेच. प्रत्येक वेळी ती दार उघडून म्हणायची, “बाबा, उतरा ना.” प्रत्येक वेळी परत येऊन बघावं, तर काच चार बोटं खाली.

शेवटी तळं आलं.

टळटळीत दुपार. पाणी एवढं शांत, की कोणी काच कापून बसवावी. दादाने गाडी पाण्याकडे तोंड करून लावली, पण इंजिन बंद केलं नाही. मुद्दामच. धाकटी उतरली, पुढचं दार उघडलं, पट्टा काढला.

बीप... बीप... बीप...

“बाबा, तळं आलं. उतरा.”

बीप... बीप...

“चुकलं माझं. तुम्हाला फसवलं मी. कल्पना माझीच होती, दादाची नाही.” “आपण चौघं आहोत बाबा. तीन नाही. चौघं. मी हॉटेलवाल्यालाही चौघं सांगितलंय. चला ना... पाय घाला पाण्यात.” ती पाण्याकडे वळली, दादा-वहिनीही तिकडेच बघत होते.

बीप...

बीप...

थांबलं.

एकदम शांत. नुसती पाण्याची चुळबुळ.

“उतरले,” वहिनी पुटपुटली. “उतरले गं!”

दादाने इंजिन बंद केलं. धाकटीने मागे वळून सीटकडे पाहिलंही नाही. तिला भीती वाटली, बघितलं तर परत बसतील. ती नुसती चालत राहिली, शेजारी एका माणसाची जागा सोडून. तिघं पाण्यात पाय घालून बसले. मध्ये एक जागा रिकामी. धाकटी किती दिवसांनी मोकळी हसली. दादा म्हणाला, “पाणी गार आहे हो बाबा.” वहिनीने त्या रिकाम्या जागेवर स्वतःची ओढणी पसरली, दगड तापला होता म्हणून.

ऊन कलल्यावर परत आले.

पुढचं दार तसंच उघडं होतं, धाकटीने सोडलं होतं तसं. पायाखालची चटई कोरडी.

आणि पट्टा...

पट्टा लावलेला होता.

तिने तो स्वतःच्या हाताने काढला होता. तिघांनी पाहिलं होतं. गाडीजवळ कोणी आलं नव्हतं, ते समोरच बसले होते. म्हणजे बीप थांबलं, ते बाबा उतरले म्हणून नाही.

त्यांनी आतून पट्टा लावून घेतला, म्हणून.

तुम्ही बघून या.

धाकटीने गाडी विकलेली नाही. दादा मागे लागला होता, आता तोही विषय काढत नाही. मागच्या आठवड्यात तिने मला घरी सोडलं. मी न विचारता मागेच बसलो. वाटेत दुकानापाशी ती थांबली, उतरली, वळसा घालून पुढचं दार उघडलं आणि रस्त्यावरच्या लोकांची पर्वा न करता तिथे उभी राहिली.

“बाबा, उतरता?”

ती वाट बघत राहिली. मीही.

मग तिने दार हळूच लावलं. पण त्याआधी, सवयीने, काच चार बोटं खाली केली.