देवघरातली गोळी

आबा चोरून पोळी खातात, असा घरात सगळ्यांचा संशय होता. नाहीतर सहा महिने गहू सोडूनही पोट का बिघडावं आणि वजन सतरा किलोंनी का उतरावं? ज्या माणसाने निफाडला चाळीस वर्षं गव्हाचे नवे वाण घडवले, त्याच्याच घरात रेवाच्या आईने कणकेच्या डब्याला कुलूप लावलं होतं. आबा भाकरीवर दिवस काढत होते. त्यांच्या दहा वर्षांच्या नातीला, रेवाला, मात्र ते बघवत नव्हतं.

"मोजू, आबा खरंच पोळी खातात?" तिने स्वयंपाकघरातल्या यंत्रमानवाला विचारलं.

"एक घाससुद्धा नाही. गव्हाचा कण मला वासाने कळतो."

"मग डॉक्टर म्हणाले तो सिलिअ‍ॅक आजार?"

"त्यात ग्लूटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर चाल करून जातं. रसांकुर (अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे) गालिच्याच्या लवेसारखे झिजतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. आबांचे झिजलेत, पण रक्तात सिलिअ‍ॅकची खूण सापडली नाही."

"म्हणजे दुसरंच काहीतरी पोटात जातंय. आबा काय काय खातात त्याची तुझी यादी दाखव."

यादीत भाकरीपासून ताकापर्यंत सगळं होतं. रेवाने ती दोनदा वाचली आणि थबकली; तिच्यात देवघरातलं काहीच नव्हतं. बाहेरून फिरून आलेल्या चाकांमुळे मोजूला देवघरात मज्जाव होता. आणि विसरायला नको म्हणून आबा रक्तदाबाची गोळी देवांपाशीच ठेवत, पूजा झाली की तीर्थाबरोबर गिळत. चार वर्षं चाललेली गोळी, तिच्यावर कोण संशय घेणार?

रेवाने डबीवरचं नाव वाचून दाखवलं, "ऑल्मेसार्टन."

"फार थोड्या लोकांत, कधीकधी वर्षानुवर्षं घेतल्यावर, ही गोळी हुबेहूब असाच त्रास देते," मोजू म्हणाला. "काही डॉक्टरांकडे गहू सोडूनही खंगत चाललेले रुग्ण आले. 'तुम्हीच पथ्य मोडता' म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत. रुग्णांच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि सगळ्यांत समान काय, ते शोधलं."

त्या कधीही न पाहिलेल्या डॉक्टरांचं रेवाला फार कौतुक वाटलं. "मग आजपासून गोळी बंद."

"मनाने नाही. रक्तदाब उसळेल. आधी डॉक्टरांना विचारायचं."

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. महिन्याभरात आबांचं पोट ताळ्यावर आलं. पुढच्या तपासणीत रसांकुर पुन्हा उभे राहिलेले दिसले, आणि डॉक्टरांनी गव्हाला परवानगी दिली. आईने कुलूप काढलं आणि पहिली पोळी आबांच्या ताटात वाढली.

"आबा, चुकलं माझं," ती म्हणाली.

आबांनी पोळीचा तुकडा नाकाशी धरला. "माझं सोड गं. गव्हावर आळ घेतलास, त्याची माफी माग."

दुसऱ्या दिवशी पूजेआधी त्यांनी ओल्या फडक्याने मोजूची चाकं स्वतः पुसली आणि त्याला देवघरात घेतलं.