उस्तादाची बदली

"मॅडम, माझा आधीचा नवरा एका रात्रीत आंधळा झालाय," फोनवरची बाई म्हणाली. "निदान त्याची कंपनी तरी तसं लिहून देतेय. उद्या कोर्ट ते मान्य करणार आणि माझ्या पोरीची पोटगी निम्म्याच्याही खाली येणार. तुम्ही आज तिथे जाताय, की मी बस घेऊनच त्या गेटातून आत शिरू?"

ही नुसती धमकी नव्हती. बाई खरोखरच बस चालवत असे.

"बस राहू द्या," तपासनीस म्हणाली. "तुम्ही या. गेटाबाहेर थांबा."

तपासनीस कुटुंब न्यायालयाच्या वसुली विभागात होती. तिचं काम सरळ होतं. पोटगीचा हुकूम निघाला की तो नोकरी देणाऱ्याच्या हाती द्यायचा. पुढे पगार बापाच्या हातात पडण्याआधीच कंपनीने मुलाचा हिस्सा कापून कोर्टात भरायचा. बापाला विसरायची सोय नाही, आईला हात पसरायची गरज नाही.

या कंपनीने दोन वर्षं बिनबोभाट हिस्सा कापला होता. मग एकाएकी कळवलं: कर्मचाऱ्याची नजर अधू झाली आहे, त्याला गोदामात हलवलं आहे, पगार घटला आहे. हिस्सा पगाराच्या प्रमाणात, म्हणून तोही घटला. बापाने लगोलग अर्ज केला की ही कमी रक्कमच आता कायमची ठरवून द्या. त्याची सुनावणी उद्या होती.

बाईच्या नऊ वर्षांच्या मुलीला जन्मापासून कमी ऐकू येत होतं. तिला बोलायला शिकवणाऱ्या शिक्षिकेचे तास त्या हिश्शावर चालत. गेल्या महिन्यापासून ते बंद होते.

कारखान्यात पोलादी टाक्या बनत. टाकीच्या वेल्डिंगचा प्रत्येक जोड मागच्या काँक्रीटच्या खड्ड्यात नेऊन एक्स-रेसारख्या किरणांखाली तपासायचा. आत चीर असेल तर ती फिल्मवर उमटते. हे काम करण्यात बाईच्या आधीच्या नवऱ्याचा हातखंडा होता. सगळे त्याला उस्ताद म्हणत.

गेटवरच्या रखवालदाराने तपासनिसाला छातीवर लावायला एक बिल्ला दिला आणि हातात एक जाडसर पेन ठेवलं.

"सही कुठे करू?"

"लिहायचं नाही हो ते, मॅडम! खिशाला लावायचं. उजेडाकडे धरून आत बघा."

तिने एक डोळा मिटून पाहिलं. आत बारीक मोजपट्टी होती आणि शून्यावर केसासारखा एक काटा.

"अंगावर किरण पडले की काटा सरकतो. रोज सकाळी मी सगळी पेनं शून्यावर आणतो. बिल्ल्यात फिल्म आहे, ती महिन्याने प्रयोगशाळेत जाते. ज्याचा त्याचा नंबर."

"अदलाबदल होत नाही?"

"छे! इथे लोक एकमेकांचे बूट घालतील, डबे पळवतील. पेनाला हात लावणार नाहीत. दुसऱ्याचं पेन लावलं तर आपल्या अंगात किती गेलं ते कळणार कसं?"

"मालकही लावतात?"

रखवालदार हसला. "मालक? ते खड्ड्याच्या दिशेला तोंड करून पाणीसुद्धा पीत नाहीत. गाडीतून ऑफिसात, ऑफिसातून गाडीत."

भिंतीलगत एक स्कूटर उभी होती. तिच्या आरशांना दोन हेल्मेटं अडकवलेली होती.

"ती हिशेबनीस साहेबांची," तिची नजर पाहून तो म्हणाला. "डबलसीट येतात, आणि कंपनीकडे पेट्रोलचे पैसे दोघांचे वेगवेगळे लावतात."

ऑफिसात मालकाने तिला बसा म्हणण्याआधीच तोफ डागली. "तुमच्या कोर्टाने मला वसुलीचा गुमास्ता नेमलंय का? भांडण त्या दोघांचं. मी कशाला मध्ये पडू?"

"भांडण कधीच मिटलंय. हुकूम कंपनीच्या नावावर आहे."

"मालक, मॅडम त्यांचं काम करतायत," हिशेबनीस मऊ आवाजात म्हणाले. त्यांनी स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली. "आम्ही एकदाही चुकलो नाही, मॅडम. उस्तादाला जोडातली चीर दिसेना. दुसऱ्या कुणी घरी पाठवलं असतं. आम्ही गोदामात सामावून घेतलं. आपल्या माणसाला असं वाऱ्यावर सोडतात का?"

"बदली कोणी ठरवली?"

"मालकांनी."

मालकाने मान वर केली. "मी सही केली. कुणाला कुठे लावायचं ते तुम्हीच बघता."

"खड्ड्यात आता कोण आहे?"

"नवा तंत्रज्ञ," हिशेबनीस म्हणाले. "हुशार मुलगा. फार शोधून आणला."

हुशार मुलगा आला. शर्टाची इस्त्री जशीच्या तशी होती.

"सकाळपासून किती जोड तपासले?" तपासनिसाने विचारलं.

त्याने आधी हिशेबनिसांकडे पाहिलं. "अकरा."

"तुम्ही स्वतः?"

"मीच. मदतनीस काका होते सोबत."

"पूर्ण वेळ? स्वतःचं पेन लावून?"

"हो. नियमच आहे तो."

गोदाम अंगणाच्या टोकाला होतं. लांबलचक काउंटरमागे उस्ताद हाताची घडी घालून उभा होता. तपासनिसाने उंबरठ्यावर पाऊल ठेवलं आणि तो तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघत म्हणाला, "कुटुंब न्यायालय, वसुली विभाग. या. वाटच बघत होतो."

"चष्मा नाही लावत?"

"चष्म्याने भागण्यातलं नाही, असं डॉक्टर म्हणाले."

"आज खड्ड्याकडे गेला होतात?"

"सकाळपासून इथून पाऊल बाहेर टाकलेलं नाही. झालं? मग आता माझं ऐका. आयुष्यभर हे किरण मी अंगावर घेतले. घाम माझा, हाडं माझी. आणि पगाराची वाटणी करणार कोर्ट? कुणी दिला तुम्हाला तो अधिकार?"

"तुमच्या मुलीने," तपासनीस म्हणाली.

जेवणाची घंटा झाली आणि तो तिच्या बाजूने तरातरा निघून गेला.

जेवायला निघालेल्या कामगारांनी आपापली पेनं गेटजवळच्या फळीवर टांगली. तपासनिसाने नंबर विचारून त्यांतली तीन एकामागून एक उजेडाकडे धरून पाहिली. तिसरं तिने दोनदा पाहिलं. मग रखवालदाराला म्हणाली, "सगळ्यांना इथे बोलवा. मालकांनाही. आणि बाहेर ड्रायव्हरच्या गणवेशात एक बाई उभ्या आहेत, त्यांना आत घ्या."

मालक आला, पण फळीपासून चार हात लांब थांबला.

"जवळ या, पेन चावत नाही," तपासनीस म्हणाली. "आज सकाळी खड्ड्यात अकरा जोड तपासले गेले. मदतनीस काका, तुम्ही होतात?"

"होतो."

"हे तुमचं पेन. काटा दोन घरं सरकलाय. आता या तंत्रज्ञाचं बघा, मालक."

मालकाने डोळा लावला. "शून्यावर आहे."

"पूर्ण वेळ किरणांच्या कामावर, आणि काटा जागचा हललेला नाही. आता उस्तादांचं बघा. ते तर गोदामातून बाहेरच पडले नाहीत."

मालक बराच वेळ बघत राहिला. "दोन घरं," तो हळूच म्हणाला.

हिशेबनीस हसले. "पेन हातातून पडलं असेल, मॅडम. धक्का लागला तरी काटा सरकतो."

"सरकतो. पण धक्का लागून नेमका काकांच्या काट्याइतकाच सरकला? बरं, फिल्म पडून काळी होत नाही. या तिघांचे बिल्ले मी प्रयोगशाळेत पाठवतेय. काका, सकाळी तुमच्या सोबत कोण होतं?"

मदतनीस काकांनी बुटांकडे पाहिलं. "मॅडम, मला अजून नोकरी करायचीय."

"कळलं मला. आणि नजरेचं म्हणाल, तर उस्तादांनी दारात उभ्या असलेल्या माणसाच्या ओळखपत्रावरची बारीक अक्षरं बिनचष्म्याची वाचली."

"पण कशासाठी हे सगळं?" मालक ओरडला.

"पगार लपवायला. उस्तादांचं काम तेच राहिलं, खड्डा तोच राहिला. फक्त त्यांचा पगार दुसऱ्याच्या नावावर चढला. तो दुसरा दर महिन्याला पैसे उचलतो आणि उस्तादांना रोख देतो. कोर्टाला दिसतो तो गोदामाचा पगार. तुम्ही खड्ड्याकडे फिरकत नाही हे सगळ्यांना ठाऊक. मालक, तुम्ही एका माणसाच्या कामाचे दोन पगार भरताय."

ती उस्तादाकडे वळली. "तुम्ही पेन बदललं असतं तर मी हात हलवत परत गेले असते. पण कोर्टाशी खोटं बोललात, कंपनीशी खोटं बोललात, स्वतःच्या हाडांशी खोटं बोलायची तुमची छाती झाली नाही."

उस्तादाने मान वर केली. "हो. केलं मी. माझ्याच पैशासाठी केलं."

"एकट्याने नाही. पगारपत्रकात नाव घुसवायला आतला माणूस लागतो. हिशेबनीस, तुमच्या स्कूटरवरचं दुसरं हेल्मेट कुणाचं?"

"ते? शेजाऱ्यांचं."

"मामा, पुरे आता!" तंत्रज्ञ रडकुंडीला आला. "तुम्ही म्हणालात नुसतं नाव लावायचंय. कोर्टाची चौकशी येणार हे नव्हतं सांगितलं! मॅडम, मी फक्त माझा वाटा घेतला. मोठा वाटा मामांचाच होता."

"वाटा?" उस्ताद हिशेबनिसांवर धावून गेला. "तू तर म्हणालास तेवढा कर कापला जातो!"

मदतनीस काकांनी त्याला कमरेला धरून मागे ओढलं. हिशेबनिसांचा मऊ आवाज कुठल्या कुठे गेला होता. ते भिंतीला टेकून नुसते घाम पुसत होते.

"हा गेला कामावरून, भाच्यासकट," मालक म्हणाला. "संपला विषय."

"तुमचा नाही संपला," तपासनीस म्हणाली. "खोटी माहिती कंपनीच्या शिक्क्याने आली. जेवढं कापायचं राहिलं तेवढं कंपनीने भरायचं. तुम्ही मग ते यांच्याकडून वसूल करा."

"मी का भरू? पोरगी माझी आहे का?"

"नाही," बाई पहिल्यांदाच बोलली. "पण शिक्का तुमचा आहे."

मालकाने तिच्याकडे पाहिलं, मग उस्तादाकडे. "भरतो. आणि याला मी काढत नाही. हा पळाला तर जोड कोण तपासणार?"

"पोटगीच्या हुकमावरून काढताही येत नाही," तपासनीस म्हणाली.

उस्ताद बाईजवळ गेला. त्याने आवाज खाली आणला. "हे बघ, मागचं सगळं आज रोख देतो. वर जास्तच देतो. उद्या कोर्टात हे काढू नकोस. लोकांत माझी काय शोभा राहील?"

"नको."

"मग नोकरीच सोडतो. बघू कुठून कापतात ते."

"खुशाल सोड. जिथे जाशील तिथे हुकूम येईल तुझ्या मागे." बाईचा आवाज चढला नाही. "तुझ्या हातून मला पैसाही नको. रोख म्हणजे आज तुझी मर्जी, उद्या तुझा राग. आणि मी दारात उभी. ते दिवस गेले. पोरीचं पोरीला पगारातूनच मिळणार. सगळ्यांच्या देखत. तुझा हात लागायच्या आधी."

"दर महिन्याला?" तो पुटपुटला.

"ती मोठी होईपर्यंत," बाई म्हणाली, आणि ड्यूटीवर निघाली.