टेबलाखालचा सर्व्हर

ही घटना खरी आहे. ती सांगताना मला भीती वाटत नाही. काहीच वाटत नाही, आणि तेच मला खटकतं.

दादाला जाऊन महिना झाला होता. रविवारची दुपार. मी त्याच्याच खोलीत, त्याच्याच खुर्चीत बसलो होतो.

एका डायलिसिस केंद्रासाठी दादानं रुग्णांच्या पाळ्या लावणारं ॲप बनवलं होतं. ते त्याच्या टेबलाखालच्या जुन्या सर्व्हरवर चालायचं. मला ते क्लाउडवर न्यायचं होतं, आणि मग जुना सर्व्हर पुसून टाकायचा होता.

क्लाउडमध्ये ॲप एका बंदिस्त कप्प्यात चालतं. त्याला कंटेनर म्हणतात. यंत्रणा त्याला अधूनमधून विचारते, जिवंत आहेस ना? तीनदा उत्तर आलं नाही, की त्याला मारून तसाच दुसरा उभा करते.

दुसऱ्याला मागचं काही आठवत नाही.

दादानं तो प्रश्न मराठीत लिहिला होता. ‘आहेस का?’ उत्तर, ‘आहे.’ घरातही तो मला तशीच हाक मारायचा.

“घुम्या, आहेस का? तिसऱ्यांदा गप्प राहिलास तर दुसरा भाऊ उभा करीन हं!”

दवाखान्यात मीही त्याला तीनदा विचारलं होतं.

नव्या ॲपमधून मी ती ओळ काढून टाकली.

सगळं सुरळीत चढलं. पाळ्या दिसू लागल्या. जुना सर्व्हर पुसायची कमांड लिहून मी एंटरवर बोट ठेवलं...

पडद्यावर एक ओळ उमटली.

आहेस का?

एंटरवरचं बोट न उचलता मी दुसऱ्या हातानं सगळा कोड पिंजून काढला. ती ओळ कुठेच नव्हती.

आहेस का?

टेबलाखालचा पंखा घरघरत होता... मग तोही थांबल्यासारखा वाटला.

आहेस का?

नवा कंटेनर मेला. त्याच्या जागी दुसरा उभा राहिला.

त्यात एकही रुग्ण नव्हता.

डेटाबेसची साठवण कंटेनरच्या बाहेर जोडायची असते. मी ती जोडायला विसरलो होतो. कप्पा गेला, त्याच्याबरोबर सगळं गेलं. आता पाळ्या फक्त टेबलाखाली उरल्या होत्या. आणि माझं बोट अजून एंटरवरच होतं.

“भावजी, जेवताय ना?” वहिनी दारात उभी होती. “केव्हाची हाका मारतेय.”

“मोठी चूक होणार होती, वहिनी. कोणीतरी थांबवलं.”

तिनं टेबलाखाली पाहिलं.

“त्यांना सवयच होती. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची.”

ती हसली, आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. मी नुसता बघत राहिलो.

साठवण जोडली. डेटा पुन्हा नेला. दोनदा तपासला. मग जुना सर्व्हर बंद करून त्याची वायरही काढली.

केंद्रात एकाचीही पाळी चुकली नाही.

पण ती ओळ अजून येते. मी त्या खुर्चीत बसलो की येते. फक्त आता तिच्या आधी एक शब्द असतो.

घुम्या, आहेस का?

काल मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. ती पुन्हा आली. तरी गप्प राहिलो. तिसऱ्यांदा मात्र बोटं आपोआप चालली.

‘आहे,’ असं लिहिलं.

खरं लिहिलं का... ते मला अजून कळलेलं नाही.