दुसरी थाप

या, इकडे बाकावर बसा. समोरचं ते दुकान माझंच. बायकोच्या नावाचं, शुभा इलेक्ट्रिकल्स. पंख्याचा कंडेन्सर हवाय ना तुम्हाला, मिळेल. उघडायला जरा वेळ आहे. तोवर चहा घ्या, आपल्या मुलुंडात असं आलं कोणी घालत नाही. फक्त त्या शटरला हात लावू नका. मघाशी तुम्ही तिकडे निघालात म्हणून तर मी हाक मारली.

का, ते सांगतो. सांगायची लाज वाटते, पण सांगतो.

मी शिकलो कमी, विकायला मात्र शिकलो. गिऱ्हाईकाला नुसती वस्तू नको असते, तिच्यासोबत एखादा किस्सा हवा असतो. ट्यूबलाइट विकतानासुद्धा मी एक किस्सा देतो. त्याच सवयीने माझा घात केला.

तो मागे टॉवर दिसतो ना, तिथे पूर्वी तारेचा कारखाना होता. मुख्य लाइनीवरून रुळांचा एक फाटा आत जायचा. तांब्याच्या सळ्या भरून वाघिणी यायच्या, म्हणजे मालगाडीचे डबे, आणि तारेची रिळं घेऊन परत जायच्या. लहानपणी आम्ही भिंतीवर बसून ते बघायचो. कारखाना पाडला, तेव्हा मला वाटलं, हे सगळं लहान करून ठेवावं. मग दुकानाच्या पोटमाळ्यावर प्लायवूड टाकलं आणि कामाला लागलो. रूळ, इंजिन, वाघिणी, शेड, गेट. पहिल्या खेपेला रुळांमधली खडी म्हणून मी रवा रंगवून पसरला होता. मुंग्यांनी अख्खं यार्ड खाल्लं. शुभा म्हणाली, "तुमची गाडी पोचली हो, वारुळात." मग लादीवाल्याकडून संगमरवराचा चुरा आणला.

बारीकसारीक माहिती दिली धम्मपालने. माझा शाळेतला दोस्त, बँकेतून रिटायर झालेला. त्याचे वडील, खंडूबाबा, त्याच फाट्यावर वाघिणी जोडायचं काम करायचे. दोन वाघिणींच्या मध्ये वाकून शिरायचं आणि साखळी आकड्यात टाकायची. शिरण्याआधी वाघिणीच्या कडीला लाल फडकं टांगायचं. ते दिसतंय तोवर इंजिनाने हलायचं नाही. बाहेर आलं की तळहाताने पत्र्यावर दोन थापा मारायच्या, आणि ज्याचं फडकं त्यानेच काढायचं. दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही. मुकादमानेसुद्धा नाही.

एका दुपारी इंजिन हललं, आणि खंडूबाबा मधेच राहिले.

कारखान्याने सांगितलं, त्याने फडकं लावलंच नव्हतं, चूक त्याचीच. फडकं कुठे सापडलंही नाही. धम्मपालची आई, चंपाकाकू, हेच ऐकत म्हातारी झाली आणि गेली.

"श्याम, माझं एकच मागणं आहे," धम्मपाल म्हणाला होता. "बाबांना तिथे उभं कर. आणि वाघिणीला फडकं लाव. लावलेलं दिसू दे."

फडकं त्यानेच कापून दिलं, नखाएवढं. मी मातीचा माणूस घडवला, खाकी रंगवला, वाघिणीशेजारी उभा केला. तो तासभर बघत बसला. मग म्हणाला, "झकास झालंय रे."

यंदा टॉवरवाल्यांचा देवेश आला. चुणचुणीत पोरगा. माझं यार्ड त्यांना खालच्या लॉबीत ठेवायचं होतं. काचेच्या पेटीत, पितळी पाटीवर माझं नाव. श्यामसुंदर. माझं नाव आजवर शटरवरसुद्धा नव्हतं हो.

"फक्त अंकल, हा माणूस आणि ते लाल काय आहे ते काढू या ना," तो म्हणाला. "इथे फॅमिली येणार. डेथ वगैरे नको."

मी काढलं. एक क्षणही लागला नाही मला, 'काढतो' म्हणायला. मातीचा माणूस आणि फडकं कागदात गुंडाळून गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. धम्मपालला सांगितलं नाही. उद्घाटनाला मात्र बोलावलं. वाटलं, गर्दीत लक्षात येणार नाही त्याच्या.

दुपारची वेळ. लॉबीत गारवा, कुठल्याशा फुलांचा फवारलेला वास. फ्लॅट बघायला आलेली माणसं पेटीभोवती जमली. एक बाई हळूच म्हणाल्या, "इथे कोणी रुळावर गेलं होतं म्हणे..."

देवेशने माझ्याकडे बघितलं. आणि मी, विकणारा माणूस, हसून म्हणालो, "अहो, एक होता. फडकं लावायचं विसरला. बायकोने भाजी आणायला सांगितलेलं लक्षात राहिलं, फडकं नाही राहिलं."

लोक हसले. मीच जोडलेलं होतं ते भाजीचं. वर बघितलं तर पेटीच्या पलीकडे धम्मपाल उभा होता. हसत नव्हता, रागावलेलाही दिसत नव्हता. म्हणाला, "चालू कर, श्याम. गाडी चालू कर."

मी बटण फिरवलं. इंजिन गुरगुरलं, पण हललं नाही. पुन्हा फिरवलं. दिवे लागत होते, करंट येत होता, चाकं मात्र जागची हलत नव्हती. तेवढ्यात त्या फुलांच्या वासातून दुसरा वास वर आला. वंगणाचा. उन्हात तापलेल्या लोखंडाचा. मी काच सरकवून पेटीत वाकलो.

मधल्या वाघिणीच्या कडीला लाल फडकं टांगलेलं होतं.

ड्रॉवरची किल्ली माझ्या खिशात होती. मला ती मांडीला टोचत होती.

"अंकल..." देवेश कानाशी कुजबुजला. "लोक थांबलेत. काय अडकलंय ते काढा ना..."

मला माहीत होतं, हो. त्याला हात लावायचा नसतो, हे त्या लॉबीत दोघांनाच माहीत होतं, मला आणि धम्मपालला. पण माणसं बघत होती, मोबाइल वर धरलेले होते, पितळी पाटी चमकत होती. मी दोन बोटं आत घातली आणि फडकं उचललं. तेलाने ओलं होतं. कोमट होतं.

गाडी लगेच सुटली. टाळ्या पडल्या. आणि टाळ्यांच्या आतून एक थाप ऐकू आली. पत्र्यावर तळहात पडावा तशी, मोठी, खऱ्या माणसाच्या हाताची. एकच. मी दुसरीची वाट बघत राहिलो. गाडी गोल फिरत राहिली.

लोक पांगल्यावर धम्मपाल जवळ आला. माझ्या मुठीकडे बघत होता.

"तू काढलंस ना?" त्याने विचारलं.

मी मान खाली घातली.

"आई मरेपर्यंत विचारायची, लावलेलं फडकं कोणी माणूस काढेल कसा. मला तिला सांगता यायचं नाही." मग म्हणाला, "इतकं सोपं असतं होय."

एवढंच म्हणून तो गेला.

त्याच संध्याकाळी मी यार्ड टेंपोत घालून परत आणलं, पोटमाळ्यावर लावलं. देवेश ओरडला, ओरडू दे. ड्रॉवर उघडला तर कागद होता तसाच गुंडाळलेला, आत काही नव्हतं. मातीचा माणूस अजून सापडलेला नाही. आणि मुठीतलं फडकं... घरी पोचेपर्यंत मूठ सोडली नव्हती मी, तरी ती रिकामी निघाली. तेलाचा डाग तेवढा राहिला. हा बघा, इथे.

धम्मपालकडे माफी मागायला गेलो. उंबऱ्यातच उभा राहिलो, आत जायचं धाडस होईना. तो म्हणाला, "माझी कशाला मागतोस? मधे मी अडकलोय का?" मग आतून संघमित्रावहिनींनी पाण्याचा तांब्या पाठवला. मला ते पाणी पिववेना. निघताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी थांब, एवढंच. बाबा बाहेर येईपर्यंत थांब."

मला वाटलं, तो बोलायचं म्हणून बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला आलो, तर शटरच्या कडीला लाल फडकं टांगलेलं. नखाएवढं नव्हे. हातभर.

तेव्हापासून मी थांबतो. या बाकावर बसतो, चहा पितो, गिऱ्हाईकांना हाका मारून इकडे बोलावतो. काही चिडून दुसऱ्या दुकानात जातात, जाऊ देत. कधी लवकर होतं, कधी दुपार कलते. आतून दोन थापा पडतात, फडकं दिसेनासं होतं, मग मी शटर वर करतो. आत कोणी नसतं. पोटमाळ्यावर संगमरवराच्या चुऱ्यात फक्त वाकून बसल्यासारखी एक जागा दबलेली असते.

आज तुम्ही रस्ता ओलांडून इकडे येत होतात ना, तेव्हा पहिली थाप पडली. तुम्हालाही ऐकू आली असेल, तुम्ही मागे वळून बघितलंत.

चहा गार झाला तुमचा. दुसरा सांगू?

दुसरी थाप अजून पडलेली नाही. आणि तिकडे बघा... मघाशी कडीवर होतं ते फडकं आता नाही.