हळदीच्या व्हिडिओतली खुर्ची

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा. मला कुणाला पटवून द्यायची हौस नाही. परळची चाळ, दुसरा मजला आणि गेल्या वैशाखातली भर दुपार. बारा वाजता भुतं येत नाहीत म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

हितेंद्र म्हणजे माझा नवरा. लग्नाचे व्हिडिओ काढतो आणि त्याची शेखी मिरवतो. उठता-बसता फोर-के. समोरच्याला कळत नाही म्हटल्यावर तर ह्याला जास्तच चेव येतो.

त्याची मामेबहीण अनुजा, तिची हळद त्याच चाळीत, तिच्या घरी होती. अनुजाचे वडील, म्हणजे आमचे दत्ताराममामा, दोन वर्षांपूर्वी गेले. हळदीआधी कोकणातल्या रीतीप्रमाणे गाऱ्हाणं घातलं. गावच्या वाडीतून आलेल्या म्हाताऱ्याने मामांचं नाव घेऊन हाक मारली, येवन बस रे बाबा, लेकीचा बरा कर.

सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. बकुळामामीने मामांची लाकडी खुर्ची पुसून दाराशी ठेवली.

हितेंद्र कॅमेऱ्यामागून खिदळला. "मामी, खुर्ची काढा हो. फ्रेम खराब होतेय."

 खुर्ची तिथेच राहिली.

लग्न झालं, अनुजा बेंगळुरूला गेली. एकट्या पडलेल्या मामीने हळदीचा व्हिडिओ मागितला आणि एक जुना, एवढासा पेनड्राईव्ह दिला. हितेंद्र म्हणाला, "ह्यात काय मावणार, कपाळ?" पण फोर-के सोडेल तर शपथ! मूळ शूटिंग साध्या एचडीचं, ते ताणून फोर-के केलं आणि मावावं म्हणून बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रात भरायचा ऐवज, पार तळाला नेला.

मी म्हटलं, "अरे, पीठ वाटीभर आणि भाकरी परातीएवढी थापतोयस. फाटणार ती."

"तू भाकऱ्याच थाप," म्हणाला. असला माणूस!

व्हायचं तेच झालं. मामीच्या टीव्हीवर सगळे चौकोन चौकोन. नाचणाऱ्या बायकांना तोंडंच नाहीत. अनुजा म्हणजे पिवळा ठोकळा.

आणि दाराशी…

खुर्चीत एक माणूस.

लख्ख. पांढऱ्या सदऱ्याचं बटण न् बटण दिसत होतं.

"तुझो मामा बसलो हा," मामी शांतपणे म्हणाली.

 हितेंद्र घरी पळाला, मूळ फाईल उघडली. भरपूर बिटरेट, सगळं चित्र काचेसारखं. प्रत्येकाचा चेहरा ओळखू येत होता.

खुर्ची… रिकामी.

नवा पेनड्राईव्ह घेऊन तो परत गेला. "मामी, ही चांगली क्वालिटी. तो जुना द्या, पुसतो."

मामीने मूठ आवळली. "माका ह्याच व्हया."

"अहो, पण त्यात तुमची मुलगीसुद्धा दिसत नाही!"

"मुलीक मी फोनवर बघतंय. पण हे एवढेच कशे रे स्वच्छ दिसतत?"

इथे माझ्या नवऱ्याने अक्कल पाजळली. घाबरला होता, तरी ज्ञान द्यायची खाज जाईना. म्हणाला, "बिटरेट कमी असला की जे हलतं ते फुटतं, मामी. जो अजिबात हलत नाही, तोच स्वच्छ दिसतो. साधं आहे."

मामीने मान डोलावली. अगदी शहाण्या विद्यार्थ्यासारखी.

त्याच आठवड्यात भर दुपारी बारा वाजता अनुजाचा फोन आला.  "वहिनी, आत्ताच्या आत्ता आईकडे जा. व्हिडिओ कॉल लावलाय. नेट खराब आहे, पंखा फुटतोय, पडदा फुटतोय… आई मात्र एकदम स्वच्छ दिसतेय."

"मग चांगलंच आहे की."

"वहिनी… ती पापणीसुद्धा लववत नाहीये."

आम्ही धावत सुटलो.

दार नुसतं लोटलेलं. ओट्यावर सकाळचा भात तसाच, वर माश्या. टीव्ही चालू. मामी समोर पाटावर बसलेली, ताठ. डोळे उघडे. छाती वरखाली होतेय की नाही, तेही कळेना.

"मामी! अहो मामी!" मी तिला गदागदा हलवलं.

तिने एकदम श्वास घेतला. आणि माझ्याकडे असं बघितलं की जन्मात विसरणार नाही.

"कित्याक हलवलंस गो माका? मी हलूक नाय, म्हणान आत्ताच ते उठलेले!"

आम्ही टीव्हीकडे पाहिलं.

ठोकळे नाचत होते. दाराशी मामांची खुर्ची… लख्ख. रिकामी.

आणि खुर्चीच्या पुढे ठोकळ्यांचा एक पांढुरका गोळा. सदऱ्याच्या रंगाचा.

जे हलतं ते फुटतं.

गोळा मोठा होत होता… कॅमेऱ्याच्या दिशेने.

हितेंद्रने टीव्हीची वायरच उपटली. दिवे लागेपर्यंत ती हातात घट्ट धरून बसला होता. एवढा मोठा तज्ज्ञ!

पेनड्राईव्ह मामीने दिला नाही. हिसकावून घ्यायची हिंमत आमच्यात नाही, खरं तेच सांगते. ती आता आम्हाला दार उघडत नाही. आतून टीव्हीचा आवाज मात्र येतो, तीच हळदीची गाणी.

अनुजाचा फोन ती उचलते, पण कॅमेरा बंद ठेवते.

पोरगी रोज मला एकच विचारते. "वहिनी, आई हलते ना हो?"

काय सांगू मी तिला?