दादाला भरव

माझी मावशी खोटं बोलत नाही. म्हणजे, स्वतःचं वय सोडून बाकी कशाबद्दलही नाही. त्यामुळे ही हकिकत मी तिच्या शब्दावर सांगतोय, आणि शेवटचं थोडंसं माझ्या डोळ्यांवर. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगून ठेवतो.

हे घडलं रविवारी, भर दुपारी. बाहेर लख्ख ऊन होतं.

मावशी स्पिरिट बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथल्या टाक्या धुतल्यावर जे पाणी उरतं, त्यात थोडं अल्कोहोल असतं. त्यापासून वीज तयार करायची, हे तिचं काम. काचेच्या घट्ट बंद बरणीत जिवाणू असतात. ते अल्कोहोल खातात आणि खाता खाता वीज सोडतात. ती वीज तारेतून येते आणि टोकाला एक बारीकसा दिवा लागतो. जिवाणू उपाशी राहिले की दिवा मंद होतो.

तिच्या जोडीला एकच माणूस होता. गळ्यात कायम वायरचं भेंडोळं, म्हणून सगळे त्याला तारवाला म्हणायचे. कामाला वाघ, पण स्वतःबद्दल विचारलं की तोंडाला कुलूप. मावशीनं कितीदा तरी त्याला त्याच्या दारापर्यंत सोडलं होतं, पण "आत ये" असं तो एकदाही म्हणाला नाही.

सगळ्यात मोठ्या बरणीला "दादा" हे नाव त्यानंच दिलं होतं. का, ते कुणी विचारलं नाही. मोठी आहे म्हणून दादा, इतकंच सगळ्यांनी धरून चाललं.

आणि दादाला अल्कोहोल द्यायचं, याला दोघं म्हणायचे "पाजणं".

"ताई, दादाला पाजलंस का?"

"पाजलं बाबा. एवढं पिऊन शुद्धीवर राहणारा हा एकटाच."

रोज तोच विनोद, आणि रोज दोघं हसायचे.

त्या शुक्रवारी कामावर येताना तारवाल्याच्या स्कूटरला ट्रकनं उडवलं.

दुपारी मावशीला हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला. "ताई म्हणजे तुम्हीच का? पेशंट सारखं एकच सांगतोय... दादा उपाशी आहे. ताईला सांगा, दादाला भरव."

मावशीला रडूच फुटलं. मरणाच्या दारात असताना या वेड्याला बरणीची काळजी.

संध्याकाळी तो गेला.

ऑफिसात त्याच्या घरच्यांबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. एकटाच असावा, असं ठरलं. मावशीनं मात्र मनाशी गाठ बांधली. काय वाटेल ते होवो, दादाला मरू द्यायचं नाही.

तिनं त्याच संध्याकाळी बरणीला पाजलं. शनिवारी परत पाजलं.

दिवा मंदच होत गेला.

रविवारी कारखाना बंद होता. तिला घरी चैन पडेना. वॉचमनकडून किल्ली घेऊन ती प्रयोगशाळेत आली. दिवा जेमतेम दिसत होता. तिनं अल्कोहोलची बाटली भरली, बरणीत जाणाऱ्या नळीवरचा चिमटा उघडला आणि मीटर बघायला वळली.

मीटरचा आकडा खाली सरकत होता.

तिनं मागे पाहिलं... चिमटा बंद होता.

आपणच विसरलो असू, असं म्हणून तिनं तो पुन्हा उघडला. या वेळी नळी बोटांनी चाचपूनही पाहिली. मग हात पुसायला फडकं घेतलं, तेवढ्यात मागे बारीकसा आवाज झाला.

टक...

चिमटा बंद.

मावशी घाबरट नाही. साप निघाला तर शेजारी तिला हाक मारतात. तिनं चिमटाच काढून खिशात टाकला. नळी मोकळी होती, बाटली वर टांगलेली होती. अल्कोहोल खाली यायलाच हवं.

एक थेंबसुद्धा आला नाही.

मग तिच्या लक्षात आलं, की कोपऱ्यातला फ्रिज घरघरत नाहीये. पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येत नव्हता. सगळी खोली जणू कानात बोटं घालून बसली होती.

आणि त्या शांततेत...

वाटीत चमचा वाजला.

प्रयोगशाळेत ना वाटी होती ना चमचा. खाण्याचं काही आत आणायलाच बंदी.

पुन्हा वाजला... सावकाश. कुणी तळाचं खरवडून शेवटचा घास गोळा करावा, तसा.

दिवा विझला.

भीती वाटलीच, पण त्याहून जास्त तिला राग आला. ती मोठ्यानं म्हणाली, "अरे, पाजतेय ना तुझ्या दादाला! अजून काय करू?"

आणि बोलता बोलता तिची जीभ अडखळली.

पाजतेय...

नर्स "पाज" म्हणाली नव्हती. "भरव" म्हणाली होती.

बरणीला कुणी भरवतं का? ज्याचे हात चालत नाहीत, त्याला भरवतात.

"दादाला... भरव," ती पुटपुटली.

फ्रिज घरघरायला लागला. आणि उपाशी बरणीचा दिवा लागला. एवढा लख्ख तो कधीच लागला नव्हता.

मावशी तिथून धावतच निघाली.

तारवाल्याच्या घराखाली घरमालकीण काकू कपडे वाळत घालत होत्या. मावशीनं धापा टाकत विचारलं, "वर अजून कोण राहतं?"

"त्याचा थोरला भाऊ असतो ना. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलाय बिचारा. हातसुद्धा उचलवत नाही. का हो?"

"शुक्रवारपासून वर कुणी गेलंय?"

"म्हणजे? धाकटा आहे की घरात. वाटी-चमच्याचा आवाज येतोय ना, रोजच्यासारखा. आत्ता तुमच्यासमोरच थांबला."

मावशीनं त्यांच्याकडे वरची किल्ली मागितली.

काकूंकडच्या किल्लीनं दार उघडलं. स्वयंपाकघरात भांडी पालथी होती, कोरडी ठणठणीत. आतल्या खोलीत दादा पलंगावर पडून होते. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले. पण हनुवटी कुणीतरी नुकतीच पुसल्यासारखी स्वच्छ होती.

"पाणी देऊ? भूक लागली असेल," मावशी कशीबशी म्हणाली.

"छे, तो आत्ताच भरवून गेला," दादा म्हणाले. "पण काही बोलत नाही गं. रुसलाय बहुतेक. आणि कशालाच चव नव्हती."

डॉक्टर म्हणाले, यांच्या पोटात शुक्रवारपासून पाण्याचा थेंबही गेलेला नाही. अजून थोडा उशीर झाला असता, तर संपलं होतं.

दादा आता मावशीकडेच असतात. भाऊ गेल्याचं तिनं त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मध्यंतरी मी तिच्याकडे गेलो होतो, तेव्हाचं हे. मावशी मऊ भात कालवून पलंगाशी बसली. पहिला चमचा भरून तिनं त्यांच्या तोंडाशी नेला.

दादांनी मान बाजूला केली. "थांब ताई," ते म्हणाले. "तोंडात घास आहे अजून."

मावशीनं चमचा वाटीत ठेवला आणि ती थांबली. तिला सवय झाली असावी.

दादा भिंतीकडे बघत सावकाश चावत होते. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. त्यांनी घास गिळला, तेव्हा गळा हलला.

त्या घरात मी अजून जेवायला थांबत नाही.